उलट्या आट्याचे नट

१
विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. चालत्या गाडीत चाकाच्या फिरण्याने ते सुटू नयेत म्हणून. निलंग्यात ट्रॅक्टरची चाकं काढण्यात हयात गेलेला मेस्त्रीही सवयीने पाना लावतो, हलत नाही म्हणून पान्याला पाइप अडकवतो, आणि स्टड मोडतो. जीप गॅरेजला नेली की आधी हे सांगायचं, चहा नंतर.

२
१९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत सुमारे साडेसहा लाख जीप तयार झाल्या. विलीजच्या साडेतीन लाखांहून जास्त, बाकीच्या मुख्यतः फोर्डच्या. आराखडा एकच, एकीचा भाग दुसरीला बसे. ओळखायचं असेल तर पुढच्या बंपरमागे वाकून चॅसीचा आडवा दांडा बघा. गोल नळी असेल तर विलीज, चौकोनी असेल तर फोर्ड. फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा ‘एफ’ उठवला होता. ऐंशी वर्षं हातोहात फिरलेल्या गाडीत दोन्हींच्या खुणा सापडतात. मी असे बोल्ट कधी टाकून देत नाही. आटा गेला असला तरी डबीत ठेवतो.

३
विलीज : साठ हॉर्सपॉवर. आमच्या शिवारात सोयाबीन पेरणारा ट्रॅक्टर : बहुधा पंचेचाळीस ते पन्नास.

४
युद्ध संपत आलं तशी विलीजने नागरी जीप काढली, ती शेतीचं अवजार म्हणून. मागे नांगर लावा, पट्टा लावून मळणी करा, अशी तिची जाहिरात. आपल्याकडे जीप शेतापर्यंत पोचली ती माणसं घेऊन : गटविकास अधिकारी, साखर कारखान्याचे चेअरमन, निवडणुकीचे उमेदवार.

५
पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. पंपावर गेलं की खाली उतरायचं, सीट उचलायची, मग झाकण. पंपावरची पोरं बघत राहतात. त्यांना सांगतो, युद्धात ह्या टाकीवर बसूनच माणसं गोळीबारातून गाडी हाकत होती. पोरं मग बोलत नाहीत.

६
सोलापूर–हैदराबाद रस्ता. १३ सप्टेंबर १९४८ ची पहाट.

मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांची भारतीय फौज सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरली. नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधी हातात आला. सकाळी नऊला रणगाड्यांची फळी जळकोटला, दुपारी सव्वातीनला उमरग्यात. पहिल्याच दिवशी हद्दीच्या आत सुमारे ६१ किलोमीटर. दुसरी तुकडी तुळजापूरला पहाटे पोचली, तिथे दोन तास लढाई झाली. तिला पुढे लोहाऱ्याकडे जायचं होतं, पण नदीला पूर आला होता. तिथे ती थांबली.

सप्टेंबरमधली आमच्याकडची काळी माती ज्याने पायाखाली घेतली आहे त्याला हे थांबणं कळेल. चपलेला दोन-दोन किलो चिखल चिकटतो. तिथे ट्रक, तोफा ओढणाऱ्या गाड्या, पाण्याचे टँकर. मोहिमेच्या इतिहासात सेनापतींची नावं सापडतात, तारा सापडतात, शरणागती सापडते. मला वाचायचं असतं ते वेगळं : कुठल्या ओढ्यात कुठला ट्रक रुतला, क्लच प्लेट जळाली तेव्हा काय केलं, पेट्रोल कुठे भरलं.

१७ ला पहाटे फौज बीदरमध्ये शिरली. त्याच संध्याकाळी लढाई थांबली. तेव्हा निलंगा बीदर जिल्ह्यातच होता. १९५६ ला तो उस्मानाबादेत गेला, १९८२ ला लातुरात.

७
१९४८ हेच साल. लंडनमधले भारताचे उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी दुरुस्त केलेल्या जुन्या जीप घेण्याचा करार केला. रक्कम ८० लाख रुपये. आल्या १५५. लष्कराने त्या नापास केल्या. स्वतंत्र भारतातलं पहिलं मोठं खरेदी प्रकरण म्हणून ते लक्षात राहिलं.

जुनी गाडी नीट दुरुस्त करणं किती महत्त्वाचं आहे, हे या देशाला सुरुवातीच्याच वर्षांत कळलं होतं.

८
१९४९ : मुंबईत माझगावला महिंद्रांनी सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली. कंपनी १९४५ ची, तेव्हाचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद. त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल. फाळणी झाली, नाव बदललं, जीप राहिली.

९
रंगाचा प्रश्न.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो की लष्कराच्या गाड्या सोडून कोणत्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येणार नाही. म्हणजे फौजी गाडी मूळ रूपात आणायची, पट्टी-पट्टी, स्क्रू-स्क्रू जुळवायचा, आणि शेवटी रंग मात्र वेगळा द्यायचा. नियम योग्य आहे. लष्कराची गाडी कोणती आणि हौशी माणसाची कोणती, हे नाक्यावरच्या पोलिसाला लांबून कळायला हवं. मी माझ्या गाडीला मातकट खाकी दिला. बॉनेटच्या आतल्या बाजूला, जिथे कोणाचं लक्ष जात नाही, मूळ रंगाचा हातभर तुकडा तसाच ठेवला आहे. त्याच्यावर पॉलिश पेपर फिरवू दिला नाही.

१०
बाणाचं टोक वर. लष्करी नंबर असा सुरू होतो, त्यानंतर सालाचे दोन आकडे. गाडी कंडम ठरून लिलावात निघाली की तो नंबर जातो. जीर्णोद्धार करताना पाटीवर तो बाण पुन्हा रंगवायचा मोह होतो. रंगवू नये. तो मान नोकरीत असलेल्या गाडीचा आहे.

११
सगळ्यात आधी गंजतं ते फरशीच्या पत्र्याखालचं. तिथे पत्र्याच्या पन्हळी आहेत आणि त्यांत लाकडाच्या पट्ट्या ठोकलेल्या. लाकूड पाणी धरून ठेवतं, पत्रा आतून जातो. वरून रंग चकचकीत, पाय जोरात ठेवला की आरपार. जुनी जीप बघायला जाताना मी टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर नेतो. आधी गाडीखाली झोपतो, नंतर बॉनेट उघडतो. विकणाऱ्याला हे आवडत नाही.

१२
“काका, काय करलालाव हे? डिझेल टाका की. लिटरला चौदा-पंधरा देतंय.”

गॅरेजवाल्याचं बरोबर आहे. शेकडो जीपांमधून पेट्रोल इंजिन निघालं ते ह्याच हिशेबाने. ज्याला रोज भाडं मारायचं होतं त्याने दुसरं काय करावं? पण ती इंजिनं भंगारात वितळली. २१९९ सीसी, चार सिलिंडर, बाजूचे व्हॉल्व्ह, डोकं सपाट. ते आता नव्याने कोणी ओतणार नाही. भाडं मारायचं नसेल, गाडी फक्त हौसेसाठी असेल, तर पेट्रोल इंजिन काढू नका. बोअर करा, स्लीव्ह घाला, रिंगा बदला, लातूरला लेथवर व्हॉल्व्हची सीट घासून घ्या. इंजिन काढलेली विलीज ही विलीजच्या आकाराची दुसरीच गाडी आहे.

१३
हँडल मारून गाडी चालू करताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ आवळायची नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा जातो. हे कोणत्याही पुस्तकाआधी म्हाताऱ्या ड्रायव्हरांनी सांगितलं.

१४
दुसरी जीवघेणी गोष्ट : युद्धकाळातली दोन तुकड्यांची रिम. दोन अर्ध्या भाकरी जोडाव्यात तशा त्या बोल्टने जोडलेल्या असतात. ट्यूबमधली हवा पूर्ण सोडल्याशिवाय ते बोल्ट ढिले करायचे नाहीत. चाकाचे नट कोणते आणि रिमचे कोणते, हे टायरवाल्याला खडूने खूण करून द्यावं.

१५
नवं संकट पेट्रोलचंच आहे. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला. जुन्या गाडीतल्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा, नळ्या, कार्बोरेटरची वॉशरं इथेनॉलने फुगतात, चिरतात. टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने राहिलं तर पाणी धरतं आणि टाकी आतून गंजते.

ऊस आपल्या शिवारातला, इथेनॉल आपल्या कारखान्यातलं. त्यातून शेतकऱ्याला पैसा मिळतो, हे चांगलंच आहे. हौशी माणसाने आपली सोय बघावी : इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा पडदा बसवावा, सगळ्या नळ्या बदलाव्यात, गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करावी.

१६
स्टिअरिंग डावीकडे. मोटार वाहन कायद्याचं १२० वं कलम सांगतं की डाव्या हाताची गाडी रस्त्यावर आणायची तर इशारा देणारं ठरवून दिलेलं यंत्र चालू हालतीत हवं. मी ते बसवलं आहे. तरी उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे सापडलो की खरी मदत उजवीकडे बसलेल्याची. “येऊ द्या”, “थांबा थांबा”. बायको शेजारी असली की मी निर्धास्त असतो. पुतण्या असला की मागेच राहतो.

१७
हेडलाइट एका खटक्यावर बसवलेले आहेत. फुलपाखरी नट सोडला की दिवा मागे वळतो आणि उजेड इंजिनावर पडतो. अंधारात दुरुस्ती करता यावी म्हणून. १९४१ च्या गाडीत. आजच्या एकाही गाडीत मला हे दिसलं नाही.

१८
जबलपूरची दोन लेकरं, दोन्ही लष्करासाठी.

शक्तिमान ट्रक : जर्मन ‘मान’ कंपनीच्या परवान्याने, १९५९ पासून १९९६ पर्यंत. जोंगा : निस्सानच्या परवान्याने, १९६९ पासून १९९९ पर्यंत. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, जवळजवळ चार लिटरचं. भूक मोठी. जोंगा पाळणारे लिटरला चार-पाच किलोमीटर सांगतात, तेही सपाटीवर. त्यामुळे लष्करातून बाहेर आलेल्या बहुतेक जोंगांचं इंजिन बदललं गेलं.

विलीजवर प्रेम करणारे पुष्कळ आहेत, परदेशातही. भाग मिळतात, पुस्तकं मिळतात. जोंगा आणि शक्तिमान फक्त आपले. ते आपण ठेवले नाहीत तर जगात दुसरं कोणी ठेवणार नाही. कोणी मला विचारलं की पहिली गाडी कोणती घेऊ, तर मी विलीज सांगत नाही. जोंगा सांगतो.

१९
३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप. किल्लारी, सास्तूर, आमच्या निलंगा तालुक्यातलीही गावं. दगड-मातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. हजारो माणसं गेली. मग लष्कर आलं. त्या काळात लष्कराचा नेहमीचा ट्रक शक्तिमानच.

आमच्या भागातल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला शक्तिमान दाखवला की तो गाडीचं मॉडेल विचारत नाही. तो हात लावतो.

२०
अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय, १९९४ पासून लोकांसाठी उघडं. रोल्स-रॉइसची चिलखती मोटार, चर्चिल, व्हॅलेंटाइन, माटिल्डा, जपानी रणगाडे, पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटन. निलंग्याहून पहाटे निघालं तर एका दिवसात बघून होतं. शाळेच्या सहली शिर्डीला जातात, ह्याच जिल्ह्यातून जातात. तिथे तासभर थांबा.

२१
पॅटनचं वजन चाळीस टनांहून जास्त. जीपचं टनाच्या आसपास. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळच्या उसाच्या रानात अब्दुल हमीद जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची तोफ घेऊन पॅटनांसमोर गेले. १० सप्टेंबरला त्यांना वीरमरण आलं. परमवीरचक्र मिळालं.

२२
अरुण खेत्रपाल. जन्म पुण्याचा, १९५०. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स रेजिमेंटच्या सेंचुरियन रणगाड्यात गेले. वय २१. रणगाड्याचं नाव फामागुस्ता. युद्धानंतर तो दुरुस्त करून अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर केंद्रात ठेवला आहे.

जीर्णोद्धार कशासाठी करायचा असतो, असं कोणी विचारलं तर मी या रणगाड्याचं नाव सांगतो.

२३
इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात एक जर्मन टायगर आहे. ट्युनिशियात १९४३ ला पकडलेला. त्यांनी तो चालता केला. वर्षातल्या ठरलेल्या दिवसांत तो मैदानात फिरवतात आणि त्याचा आवाज ऐकायला लोक तिकीट काढून येतात. टायगर वन जातीचा चालता रणगाडा जगात तेवढाच.

आपल्याकडे चौकाचौकांत चौथऱ्यावर रणगाडे ठेवले आहेत. दरवर्षी वरून रंग. आतून कबुतरं. चौकात ठेवणं म्हणजे जतन नव्हे. दहा ठिकाणी दहा गंजू देण्यापेक्षा एक तरी चालता ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

२४
जेरीकॅन. जर्मनांनी १९३० च्या दशकात काढला, इतरांनी उचलला. वीस लिटर. वर तीन मुठी. मधली धरली की एक माणूस नेतो. कडेच्या दोन धरल्या की दोन माणसं. रिकामे असले तर दोन कॅनच्या आतल्या मुठी जवळ आणून एका हातात दोन. इतकं साधं. लातूरने २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलं तेव्हा हंडे-घागरींच्या रांगेत असे कॅन असते तर किती मनगटं वाचली असती.

२५
कागद.

२०२१ पासून केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी. पहिली नोंदणी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढे नूतनीकरण ५ हजार. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला नाही, धंद्याला तर नाहीच.

म्हणजे विलीज बसते. सुरुवातीच्या सालच्या जोंगाही आता बसतात. १९९० ची जोंगा बसत नाही, तिला अजून थांबायचं आहे. तिचे कागद तोपर्यंत जिवंत ठेवायला हवेत. पंधरा वर्षांनंतरच्या गाडीचं पुनर्नोंदणी शुल्क २०२२ मध्ये ६०० चं ५ हजार झालं; हे शुल्क दर पाच वर्षांनी भरायचं. पुष्कळ जण तिथेच कंटाळतात आणि गाडी भंगारवाल्याकडे जाते.

२६
हरियाणातलं डबवाली जीपसाठी प्रसिद्ध. लिलावातल्या गाड्यांचे भाग, नव्या पत्र्याचं अंग, रुंद टायर. हौशी तरुण तिथून ट्रकवर टाकून जीप आणतात. दिसायला झकास. पण अशी कुठलीही जोडलेली गाडी घेताना एक बघा : इंजिन एकीचं, चॅसी दुसरीची, कागद तिसरीचे असं नाही ना. लिलावाचं मूळ पत्र दाखवा म्हणावं. पत्र नसेल तर कितीही स्वस्त असली तरी सोडा.

२७
दार्जिलिंगजवळ मानेभंजन ते संदकफू या चढावर १९५० च्या दशकातल्या लँड रोव्हर टॅक्सी म्हणून चालल्या. लोकांनी त्या हौस म्हणून ठेवल्या नाहीत, पोटासाठी ठेवल्या. पोटासाठी ठेवलेली गाडी जास्त टिकते, हे खरं आहे.

२८
सहा व्होल्टची बॅटरी शोधत फिरलो. लातूर नाही, सोलापूर नाही. शेवटी दोन-दोन व्होल्टचे तीन सेल जोडून घेतले.

२९
पोळ्याला गावात बैल निघाले की मी जीप बाहेर काढत नाही. तो दिवस बैलांचा.

३०
एक काम करण्यासारखं आहे आणि ते सोलापूर, धाराशिव, लातूर, बीदर ह्या चार जिल्ह्यांतल्या लोकांनी मिळून करायला हवं. १३ ते १७ सप्टेंबर. सोलापूर, नळदुर्ग, जळकोट, उमरगा, राजेश्वर, बीदर. १९४८ चाच रस्ता, त्या काळातल्या गाड्या, आणि त्यांच्या मागे जोंगा, शक्तिमान. व्हिंटेज नोंदणीत रॅलीला परवानगी आहेच. बोरीच्या पुलावर थांबायचं. वाटेतल्या शाळांच्या मैदानात गाड्या उभ्या करायच्या, बॉनेट उघडायचे, पोरांना हात लावू द्यायचा. १७ ला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन जिथे असू तिथे.

३१
तुमच्या वाड्यात, गोठ्यामागे, बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात एखादी जुनी जीप, जोंगा, शक्तिमान पडली असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एवढं करा. डॅशबोर्डवरच्या पत्र्याच्या पाट्यांचे फोटो घ्या. चॅसीवरचा नंबर तारेच्या ब्रशने घासून वाचा, सँडर लावू नका. आजोबांच्या पेटीत आरसी बुक आणि लिलावाचं पत्र शोधा. टायर काढून गाडी विटांवर उभी करा, वर ताडपत्री टाका, खाली हवा खेळू द्या. आणि मग तालुक्यात ज्याला ह्या गाड्यांचं वेड आहे त्याला निरोप पाठवा. असा एक जण प्रत्येक तालुक्यात आहे.